फॅक्टोरियल: गुणायचं कमी, कापायचं जास्त

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेच्या बाजूने पायी चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. लहानसं, एकाच खडकात कोरलेलं. लोक तिथे शून्य बघायला जातात. इ.स. ८७६ च्या शिलालेखात बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० असे आकडे आहेत, आणि त्यांतली शून्यं आज आपण काढतो तशीच गोल आहेत. दगडावर कोरलेल्या भारतातल्या सर्वांत जुन्या शून्यांमध्ये त्यांची गणना होते. पण फॅक्टोरियल समजून घ्यायचं असेल तर शून्याआधी देवाच्या नावाकडे बघा. चतुर्भुज. चार हात, चार वस्तू: शंख, चक्र, गदा, पद्म. कोणती वस्तू कोणत्या हातात द्यायची, याचे एकूण प्रकार किती?

पहिल्या हातासाठी चार पर्याय. तिथे शंख दिला की दुसऱ्या हातासाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन, आणि चौथ्या हातात जे उरलं ते. ४ × ३ × २ × १ = २४. संध्येत 'केशवाय नमः, नारायणाय नमः' म्हणत आपण जी विष्णूची नावं घेतो, ती मोजून बघा, बरोबर २४ भरतात. मूर्तिशास्त्रात ही चोवीस रूपं हातांतल्या आयुधांच्या क्रमावरूनच ओळखतात. कोणत्या नावाला कोणता क्रम यात ग्रंथागणिक फरक सापडतो, पण २४ ला पंचविसावा प्रकार नाही आणि एकही कमी नाही.

हेच उदाहरण भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीच्या 'अंकपाश' प्रकरणात घातलं आहे. तिथे हरीच्या जोडीला शंभूही आहे, दहा हातांचा: पाश, अंकुश, साप, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. हरीचे मूर्तिभेद २४, शंभूचे ३६,२८,८००. हात चाराचे दहा झाले, म्हणजे अडीचपट, आणि उत्तर दीड लाख पटींनी वाढलं. फॅक्टोरियलचा सगळा स्वभाव या एका श्लोकात आहे.

तर व्याख्या: कोणत्याही पूर्ण संख्येपासून खाली १ पर्यंत सगळ्या संख्यांचा गुणाकार म्हणजे त्या संख्येचं फॅक्टोरियल. आपल्याकडे अकरावीत हिंदी माध्यमाच्या पुस्तकात 'क्रमगुणित' हा शब्द येतो आणि मराठीतही तोच चालतो. शब्द चांगला आहे, 'क्रमाने गुणलेलं' हे त्यातच आलं. लिहायची खूण म्हणजे अंकापुढे उद्गारचिन्ह. ही ख्रिश्चन क्राम्प या गणितज्ञाची, १८०८ मधली. घरात आजोबांच्या वेळचं बीजगणिताचं पुस्तक असेल तर त्यात उद्गारचिन्हाऐवजी अंकाच्या डावीकडून आणि खालून काटकोनी रेघ दिसेल. अर्थ तोच.

पहिले काही पाठच असू द्यात:

०! = १
१! = १
२! = २
३! = ६
४! = २४
५! = १२०
६! = ७२०
७! = ५,०४०
८! = ४०,३२०
९! = ३,६२,८८०
१०! = ३६,२८,८००

दहाच्या पुढे पाठ करण्यात अर्थ नाही. दहापर्यंत मात्र पाढ्यांसारखे तोंडावर हवेत, कारण परीक्षेतली बहुतेक गणितं त्याच्या आतच संपतात. १०! लक्षात राहत नसेल तर एक गंमत: १०! सेकंद म्हणजे बरोबर ४२ दिवस, सहा आठवडे. वर एक सेकंद नाही, खाली एक नाही. ८६,४०० ला ४२ ने गुणून खात्री करा.

०! एक का

'शून्याचं काहीच नाही, मग उत्तर शून्य हवं' हा पहिला अडखळा. वरून खाली या. ४! ला ४ ने भागलं की ३! मिळतं, म्हणजे ६. त्याला ३ ने भागा, २. त्याला २ ने भागा, १, हे झालं १!. आता १! ला १ ने भागा, १. हेच ०!. पायरी तोडायची नसेल तर दुसरं उत्तर बसतच नाही. आणखी एक पायरी उतरायची म्हटली तर शून्याने भागावं लागतं, म्हणून ऋण पूर्ण संख्यांना फॅक्टोरियल नाही. कॅल्क्युलेटर तिथे एरर देतो ते बरोबरच आहे.

व्यवहारातला पुरावाही आहे. पाचांतून पाचही निवडायचे तर प्रकार किती? एकच. निवडीचं सूत्र (एकूणांचं फॅक्टोरियल, भागिले निवडलेल्यांच्या आणि उरलेल्यांच्या फॅक्टोरियलचा गुणाकार) म्हणतं ५! भागिले (५! × ०!). इथे ०! शून्य धरलं तर भागाकारच होणार नाही. १ धरलं की उत्तर १ येतं, जे आपल्याला आधीच माहीत होतं.

हाताने करायचं तर

१ × २ × ३ असं सरळ गुणत जाणं हा सर्वांत लांबचा रस्ता. आधी २ आणि ५ ची जोडी काढा, १० झाले. मूळचा १० आहेच. म्हणजे १०! मध्ये शंभर बाजूला निघाले, शेवटी दोन शून्यं लावायची. उरले ३, ४, ६, ७, ८, ९. यांच्याही जोड्या: ३ × ४ = १२, ६ × ७ = ४२, ८ × ९ = ७२. मग १२ × ४२ = ५०४, आणि ५०४ × ७२ = ३६,२८८. दोन शून्यं लावा, ३६,२८,८००. कागदावर मोठा गुणाकार एकच झाला.

१२! साठी पुढे ११ × १२ = १३२ एकदम घ्या. ३६,२८८ × १३२: शंभरपट ३६,२८,८००, बत्तीसपट ११,६१,२१६, बेरीज ४७,९०,०१६. दोन शून्यं लावून ४७,९०,०१,६००. १५! हवं असेल तर १३ × १४ × १५ = २,७३० हा तुकडा आधी करून ठेवा आणि त्यानेच गुणा: १३,०७,६७,४३,६८,०००.

चूक कुठे होते? बहुतेक वेळा शून्यांत. मध्येच एक शून्य गळतं किंवा जास्तीचं लागतं, आणि आकडा इतका मोठा असतो की नजरेला कळत नाही. म्हणून तीन तपासण्या करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पहिली, शेवटची शून्यं मोजा. किती हवीत ते पुढे येतंय. दुसरी, अंकांची बेरीज. ६! पासून पुढे प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जायलाच हवा. ४७,९०,०१,६०० ची बेरीज २७, ठीक. तिसरी फक्त ११! पासून पुढे: एकाआड एक अंक अधिक-उणे करत जा, उत्तर ० किंवा ११ च्या पटीत यायला हवं. ही तिसरी आळसाने सोडू नका. अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते, नऊची तपासणी झोपून राहते. शेजारशेजारचे दोन अंक उलटले तर ते अकराची तपासणीच पकडते.

कापायचं

आता मुख्य मुद्दा. गणितात फॅक्टोरियल एकटं फारसं येत नाही. वर एक, खाली एक असं येतं. तिथे दोन्ही सोडवून मग भागाकार करणं म्हणजे पाणी उपसून विहीर मोजणं. १००! भागिले ९८! दिलं असेल तर १००! ला ९८! वर थांबवा: १०० × ९९ × ९८!. वरचं-खालचं ९८! कटलं, उरले ९,९००. दोन ओळींचं गणित. १००! स्वतः १५८ अंकी आहे, ते काढायला बसलात तर पेपर संपेल.

वीस जणांतून तिघांची समिती: २०! भागिले (३! × १७!). १७! वर थांबा. २० × १९ × १८ भागिले ६. इथेही आधी गुणू नका, १८ ला ६ ने कापा: २० × १९ × ३ = १,१४०. नियम एवढाच की खालच्या दोघांतलं मोठं फॅक्टोरियल कापायचं. ३! कापून १७! सोडवत बसणारी मुलं दर वर्षी असतात.

याच जागी चुकीच्या वाटाही फुटतात. १०!/८! म्हणजे (१०/८)! नव्हे. ५! + ३! म्हणजे ८! नव्हे; ते १२० + ६ = १२६, आणि ८! आहे ४०,३२०. २ × ३! म्हणजे १२, आणि (२ × ३)! म्हणजे ७२०. कंसाची किंमत इथे साठपट आहे. बेरजेत सामाईक काढता येतं, तेवढं करा: ७! + ६! = ६! × (७ + १) = ५,७६०. उणे चिन्हही बघून घ्या. −३! म्हणजे उणे सहा, कारण आधी फॅक्टोरियल होतं, मग उणे लागतं. आणि दोन उद्गारचिन्हं जोडून आली तर ते दोनदा फॅक्टोरियल नाही, ७!! म्हणजे एकाआड एक, ७ × ५ × ३ × १ = १०५. दोनदा हवं असेल तर कंस घालून लिहायचं: (३!)! = ६! = ७२०.

सारखं असेल तर, गोल असेल तर

'कटकट' या शब्दाची अक्षरं किती प्रकारे मांडता येतील? चार अक्षरं म्हणून २४ म्हणाल तर चुकाल. दोन क एकसारखे, त्यांची अदलाबदल केली तरी शब्द तोच दिसतो. ट चंही तसंच. म्हणून २४ ला २! ने आणि पुन्हा २! ने भागायचं, ६ उरतात: कटकट, कटटक, ककटट, टकटक, टककट, टटकक. मोजून खात्री झाली. मराठीत काना-मात्रा बघून अक्षर वेगळं धरायचं हे मात्र विसरू नका. 'बाबासाहेब' मध्ये बा दोनदा आहे, शेवटचा ब वेगळा. म्हणून ५! भागिले २!, म्हणजे ६०. गंमत म्हणजे आपल्या गावाचं नाव मराठीत लिहिलं, ग्वाल्हेर, तर तीन अक्षरं आणि ६ प्रकार. हिंदीत लिहिलं, ग्वालियर, तर चार अक्षरं आणि २४. गाव तेच.

गणेशोत्सवातली संगीतसभा घ्या. सहा गायक, क्रम लावायचा: ६! = ७२०. सर्वांत ज्येष्ठ बुवा शेवटीच गाणार हे ठरलेलं असेल तर ते बाजूला ठेवा, उरलेल्या पाचांचे १२०. दोघी बहिणींना एकापाठोपाठ एक गायचं असेल तर त्यांची एक मोळी बांधा: पाच वस्तू झाल्या, १२०, आणि मोळीच्या आत पुढे-मागे असे २, म्हणून २४०. हा आतला २ विसरणं ही या प्रकारातली हमखास चूक. दोघींचं पटत नसेल आणि लागोपाठ नकोच असेल, तर थेट मोजायला जाऊ नका: ७२० − २४० = ४८०.

माणसांची संख्या 'न' धरली, तर सरळ पंगतीत ती न! प्रकारे बसतात. गोल बसली तर (न−१)!. कारण सगळ्यांनी एकेक पाट सरकलं तरी कोणाच्या शेजारी कोण हे बदलत नाही. म्हणून एकाला जागेवर बसवायचं आणि बाकीच्यांना फिरवायचं. आणि हार असेल तर आणखी एक कपात: हार उलटा करून घातला की डावं उजवं होतं, म्हणून पुन्हा २ ने भागायचं. आठ वेगवेगळ्या फुलांची माळ: ७! भागिले २ = २,५२०. चतुर्भुजाच्या त्या रोजच्या ५० माळा अशा आठ फुलांच्या केल्या आणि एकही क्रम पुन्हा येऊ दिला नाही, तर ५१ व्या दिवशी प्रकार संपतील. एकच अट, ज्या माळेला गोंडा किंवा पदक आहे तिला गोल धरू नका. पदकापासून क्रम सुरू होतो, तिथे ८! भागिले २.

शेवटची शून्यं

१००! च्या शेवटी किती शून्यं? एक शून्य म्हणजे २ आणि ५ ची एक जोडी. २ उदंड असतात, १००! मध्ये ९७. तुटवडा ५ चा, म्हणून फक्त ५ मोजायचे. १०० भागिले ५ = २०. इथे थांबलात तर चुकलात. २५, ५०, ७५, १०० या चौघांत ५ दोन-दोनदा आहे, त्यांचे जास्तीचे ४. एकूण २४. पुढे १२५ मध्ये ५ तीनदा, ६२५ मध्ये चारदा. १०००! साठी २०० + ४० + ८ + १ = २४९. प्रत्येक वेळी भागाकाराचा अपूर्णांक टाकून द्यायचा, जवळचा पूर्णांक करायचा नाही. याचाच एक परिणाम: बरोबर पाच शून्यांचं फॅक्टोरियल अस्तित्वातच नाही. २४! ला चार, आणि २५! ला एकदम सहा.

यंत्र कुठे हात टेकतं

साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ६९! येतं, १.७११२२४५२४ × १० चा ९८ वा घात. ७०! दाबलं की मॅथ एरर. यंत्र बिघडलेलं नाही, ७०! हे १० च्या १०० व्या घाताहून मोठं आहे आणि पडद्यावर घाताला दोनच घरं.

एक्सेल जास्त फसवं, कारण ते गप्प राहून चुकतं. फॅक्ट फंक्शन १७० पर्यंत चालतं, १७१ ला नम एरर देतं. पण २१! मागा आणि सेल नंबर फॉरमॅटमध्ये बघा: ५१०९०९४२१७१७०९४००००० दिसेल. खरं उत्तर ५१०९०९४२१७१७०९४४०००० आहे. एक्सेल पंधराच अंक खरे दाखवतं, सोळावा शून्य करून टाकतं. २०! पर्यंत मात्र बिनधास्त, कारण तिथे शेवटची चार शून्यं सोडली की नेमके पंधरा अंक उरतात. आणखी एक सवय माहीत असू द्या: ५.९ चं फॅक्टोरियल मागितलं तर एक्सेल दशांश भाग निमूट टाकून १२० देतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. कृती सोपी आहे: उत्तर १ धरा, २ पासून न पर्यंत जा, प्रत्येक वेळी उत्तराला त्या संख्येने गुणा. उत्तर ० पासून सुरू केलंत तर शेवटपर्यंत शून्यच, ही पहिल्या दिवसाची चूक. दुसऱ्या दिवसाची चूक जागेची. सी किंवा जावात ३२ बिटांचा इंट २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच धरतो. १२! मावतं, १३! नाही. सी मध्ये एरर बहुधा येत नाही, उत्तर येतं: १९३२०५३५०४. चूक कशी ओळखाल? शेवटी ४ आहे! १३! च्या शेवटी दोन शून्यं हवीत. हातानं करतानाची तपासणी इथेही चालते. ६४ बिटांत २०! मावतं, २१! चक्क ऋण होतं. आणि ३२ बिटांत ३४! मागितलं तर उत्तर शून्य. ३४! मध्ये २ बरोबर ३२ वेळा येतो, त्यामुळे मोजणीची सगळी ३२ घरं शून्यांनी भरतात. ६४ बिटांत हीच वेळ ६६! ला येते.

पायथनमध्ये आकड्याला मर्यादा नाही, तिथे चालून जातं. पण फंक्शन स्वतःलाच बोलावतं अशा पद्धतीने लिहिलं असेल तर हजाराच्या आसपास रिकर्शन एरर येते. लूप वापरा किंवा मॅथ मॉड्यूलमधलं तयार फंक्शन घ्या. आणि ३.११ पासून ४,३०० अंकांहून मोठी संख्या छापायला नकार मिळतो. २०००! ५,७३६ अंकी आहे. हिशोब होतो, प्रिंटवर अडतं.

जागेपेक्षा वेळेची भिंत मोठी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पंधरा दुकानांत माल टाकायचा आहे, सर्वांत कमी अंतराचा क्रम हवा, आणि कोणी म्हणालं 'सगळे क्रम तपासू'. सेकंदाला एक कोटी क्रम तपासणारं यंत्र १५! ला छत्तीस तास घेईल. चला, जमेल. दुकानं वीस झाली की तेच यंत्र ७,७०० वर्षं घेईल. म्हणून असल्या कामात फॅक्टोरियल काढायचं ते 'हा रस्ता नको' हे ठरवण्यासाठी.

उत्तर किती अंकी हे एवढंच हवं असेल तर स्टर्लिंगचं सूत्र (१७३०) पुरतं: २ × पाय × न चं वर्गमूळ, गुणिले (न/ई) चा न वा घात, जिथे ई म्हणजे २.७१८२८. लॉगनं करा. १००! साठी पहिल्या तुकड्याचा लॉग १.३९९१, दुसऱ्याचा १०० × (२ − ०.४३४२९४५) = १५६.५७०५, बेरीज १५७.९६९६. पूर्णांकात एक मिळवा, १५८ अंक. इथे ई चा लॉग चार दशांशांवर तोडू नका. तो शंभराने गुणला जातो, चूकही शंभरपट होते. न लहान असला तरी सूत्र फार चुकत नाही: १०! साठी ३५,९८,६९६ देतं, पाऊण टक्क्याहून थोडं अधिक कमी. त्यालाच १ + १/(१२ × न) ने गुणा, ३६,२८,६८५ येतं, आता फरक ११५ चा.

तानेचा नंबर

ग्वाल्हेरात राहून हे सोडणं बरं नाही. सात स्वर, प्रत्येक एकदाच, तर ताना किती? ७! = ५,०४०. देवगिरीच्या यादव दरबारात, तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात हा आकडा दिलाच, शिवाय खंडमेरू नावाचा एक कोष्टकी तक्ता दिला. त्यावरून कोणत्याही तानेचा क्रमांक निघतो, आणि क्रमांकावरून तान. पहिल्याला उद्दिष्ट म्हणतात, दुसऱ्याला नष्ट. तक्त्यात दुसरं काही नाही, फॅक्टोरियलच्या पटी आहेत.

चार स्वरांवर बघू. यादीचा नियम असा की पहिल्या सहा ताना म ने संपतात, पुढच्या सहा ग ने, मग रे, मग सा. 'म सा ग रे' ही कितवी? शेवटी रे आहे. सा रे ग म मध्ये मागून मोजा: म ला ०, ग ला ६, रे ला १२. लिहा १२. रे काढून टाका, उरले सा ग म. तानेत आता शेवटी ग: म ला ०, ग ला २. लिहा २. उरले सा म, तानेत शेवटी सा: म ला ०, सा ला १. लिहा १. बेरीज १५, त्यात १ मिळवा. सोळावी तान.

उलट जाताना तो १ आधी वजा करायचा, आणि बहुतेक जण तोच विसरतात. २१ वी तान हवी: २१ − १ = २०. २० ला ६ ने भागा, भाग ३, बाकी २. मागून तीन सोडले की सा, म्हणजे शेवटी सा. उरले रे ग म. बाकी २ ला २ ने भागा, भाग १, बाकी ०: मागून एक सोडला की ग. उरले रे म, बाकी शून्य, म्हणून म जागेवर. तान: रे म ग सा.

सात स्वरांना पटी ७२०, १२०, २४, ६, २, १ अशा लागतात. सर्वांत शेवटची तान कोणती हे न मोजता कळतं, नी ध प म ग रे सा. तिचा हिशोब मांडा: ४,३२० + ६०० + ९६ + १८ + ४ + १ = ५,०३९, आणि तो वरचा १.